जास्त पगारवाल्यांनी संप करावा का, आणि आपण बदलीवर जावं का?

(नेरळ येथे वाडीप्रतिनिधींच्या बैठकीत नोव्हेंबर १९९७ मध्ये झालेले भाषण. टेपवरून बोलले तसे उतरवून घेतले आहे. मधली प्रश्नोत्तरे जागेअभावी गाळली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाडीवर वाचून दाखवावे.)

दाराशी उभ्या राहिलेल्या पोरांनो, आत या, सतरंजीवर जागा आहे. पुढच्या बायांनी जरा सरकून घ्या.

बैठक बोलावली होती दळी प्लॉटांच्या यादीसाठी. ती यादी जेवण झाल्यावर घेऊ, सोडणार नाही. पण सकाळपासून पडवीत जे बोलणं चाललंय ते मी ऐकतोय. त्याचा निकाल लावल्याशिवाय यादीत कोणाचं मन लागायचं नाही. म्हणून तेच आधी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खालापूर तालुक्यात हायवेजवळ एका कंपनीचं गोदाम आहे. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिथून साबण, तेलाचे डबे, बिस्किटांचे खोके गाड्यांत भरून नेरळ, कर्जत, खोपोली, पनवेलच्या दुकानांत पोचवतात. गाड्या कंपनीच्या, ड्रायव्हर कायम, त्यांची युनियन आहे. येत्या सोमवारपासून ते ड्रायव्हर संपावर जाणार. गेल्या आठवड्यात तीन वाड्यांवर एक मुकादम येऊन गेला. म्हणाला, ड्रायव्हर आम्ही बाहेरून आणतो, भरायला-उतरायला तुमचे चाळीस बापये द्या. दिवसाला १०० रुपये, एक वेळचं जेवण, आणि आजच हातावर ५०० उचल. भातकापणीला आपल्याला ४० मिळतात. तेव्हा १०० ऐकल्यावर माणूस वळून बघणारच. काहींनी उचल घेतली आहे, मला ते पण माहीत आहे. ज्यांनी घेतली त्यांना मी इथे उभं करून विचारणार नाही. घरात तांदूळ नसला की माणूस काय काय घेतो ते मी पाहिलंय.

पडवीत तीन गोष्टी ऐकल्या. एक जण म्हणाला, "आठ-आठ हजार पगार हाय त्यांना, घरात टीव्ही हाय, आनखी काय पायजे? हा संप म्हणजे माजोरीपणा." दुसरा म्हणाला, "आपण कर्जतला तहसीलदार कचेरीवर मोर्चा नेला तेव्हा त्यातला एक तरी आला होता का?" तिसरी एक बाई बोलली. ती म्हणाली, "मी पहाटे मोळी घेऊन निघते. त्यांच्या घरी गॅस हाय. त्यांच्या संपापायी माझ्या पोरांनी पेज पिऊन का ऱ्हायचं?"

पहिल्या दोघांना उत्तर देणं सोपं आहे. तिसऱ्या बाईला देणं अवघड आहे, आणि मी ते पूर्ण देऊ शकेन असं मला वाटत नाही. पण प्रयत्न करतो.

आधी माझी स्वतःची गोष्ट. ती मी संघटनेत कधी सांगितली नाही, कारण सांगायला लाज वाटते. १९७९ साली मी असाच बदलीवर गेलो होतो. अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. तेही गोदामच, याच पट्ट्यातलं, आता तिथे दुसरंच काही आहे. ड्रायव्हर आणि हमाल दोघांचाही संप होता. ठेकेदाराचा ट्रक वाडीवर आला. रोज १२ रुपये. तेव्हा कूपात लाकूड तोडायला आम्हाला ५ मिळत. आम्ही चौदा जण चढलो. माझा मावसभाऊ पण होता. गेटवर संपवाले बसले होते, त्यांनी आम्हाला शिव्या दिल्या, एकानं धोंडा मारला तो मावसभावाच्या कानामागे लागला. रक्त आलं. आम्हाला त्यांचा राग आला. आपण कष्ट करायला आलोय, चोरी करायला नाही, आणि हे आपल्याला मारतात! त्या रागात आम्ही दुप्पट काम केलं. ठेकेदार म्हणाला, तुम्ही खरे मर्द. गुळाचा चहा दिला.

नऊ दिवस काम केलं. दहाव्या दिवशी संप फुटला. कशानं फुटला ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, माल बाहेर जात राहिला म्हणून फुटला, आणि माल आम्ही भरत होतो. त्याच संध्याकाळी ट्रकनं आम्हाला चौकच्या नाक्यावर उतरवलं. शेवटच्या चार दिवसांचे पैसे उद्या देतो म्हणाला. तो उद्या अजून यायचा आहे. तिथून आम्ही रात्रीचे चालत आलो.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी परत त्याच गेटवर गेलो. वाटलं, ओळख झालीय, काम मिळेल. काम मिळालं. रोज किती? ६ रुपये. मी म्हटलं, मागच्या वर्षी १२ होते. मुकादम म्हणाला, ते संपातले दिवस होते, आता कुठे संप आहे? जुने हमाल गेले, युनियन गेली, आता भाव ठेकेदारच ठरवणार. तेव्हा डोक्यात पडलं की ते १२ रुपये आमच्या कामाचे नव्हतेच. ते संप मोडायचे होते. संप मोडला, पैसे संपले. तुम्हाला १०० सांगतायत तेव्हा हे लक्षात ठेवा. गोदामात पोतं तेच, पाठ तीच. मग संपातच ४० चे १०० कसे होतात?

आता पहिल्या माणसाचं बोलणं घेऊ. आठ हजार पगार असताना संप कशाला.

हा पगार त्यांना कंपनीनं प्रेमानं दिलेला नाही. मुंबईच्या बाजारात माथाडी आहेत. आपल्यातले काही जण त्यांना पाहून आलेत. सातारा-सांगलीकडच्या डोंगरातल्या गावांतून आलेली ती माणसं, जमीन थोडी, पाठीवर पोती वाहायची. पन्नास वर्षांपूर्वी त्यांना आपल्यासारखंच वागवत. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना गोळा केलं, मोर्चे काढले, संप केले, मग १९६९ साली माथाडींचा कायदा झाला. त्यातून मंडळं झाली. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर ठरलेली जादा रक्कम भरायची, आणि त्यातून हमालाला पगार, फंड, बोनस, रजा. ठेकेदाराला मधे तोंड घालायला जागा नाही. आज त्या हमालाचा पगार ऐकून शहरातला बाबू म्हणतो, हमालाला एवढे पैसे कशाला? म्हणजे माणूस गरीब असताना संप केला तर म्हणायचं, तुझी लायकी काय. संप करून पगार वाढला की म्हणायचं, आता तुला संपाची गरज काय. मग त्यानं संप करायचा कधी?

आणि आपल्याबद्दल पण हेच बोलत होते. ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारल्यांनी गवत कापायचं बंद केलं, ५०० पौंड गवताला अडीच रुपये मागितले. तेव्हाचे जमीनदार म्हणायचे, अडीच रुपये घेऊन हे जंगली लोक दारूच पिणार, यांना कशाला? त्याच संपात १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं मेली. कोणाला किती पुरेसं आहे हे देणाऱ्यानं ठरवायचं नसतं, हे तेव्हा वारल्यांनी त्यांना दाखवलं. तेच मोजमाप आपण आज त्या ड्रायव्हरला लावायचं का? तो पहाटे पाचला गाडी काढतो, रात्री किती वाजता परततो ठाऊक नाही, घाटात अपघात झाला तर केस त्याच्यावर. त्याला जास्त मिळतं हे खरं आहे. चोरून मिळत नाही.

पण हे एवढं बोलून मी थांबलो तर मी अर्धंच बोललो. कारण जास्त पगारवाले संप करतात तेव्हा त्याचा चटका कोणाला बसतो, हे पण मी पाहिलंय.

रेल्वेचा संप. १९७४. इथे साठीच्या पुढचे जे बसलेत त्यांना आठवत असेल. ८ मेला सुरू झाला. देशभरात १७ लाखांच्या आसपास कामगार. पुढारी जॉर्ज फर्नांडिस, त्यांना आधीच २ मेला लखनौला धरलं होतं. मी तेव्हा पोरगा होतो. मे महिना म्हणजे आपल्याकडे काय? करवंदं, जांभळं, आंबे. माझी आई पहाटेच्या गाडीनं पाटी घेऊन कल्याणला, कधी ठाण्याला जायची. त्या पैशांवर पावसाळ्याचं मीठ-मिरची, कौलं, प्लास्टिक. संप लागला आणि गाड्यांचा भरवसा गेला. दोन दिवस आई स्टेशनवर बसून परत आली. पाटीतली करवंदं काळी पडली, आंबली, आम्ही पोरांनी खाऊन पोटं बिघडवून घेतली. आई संपवाल्यांना काय काय बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. म्हणाली, त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतोय, माझा हंगाम वर्षातून एकदा. तेव्हा ती मोळीवाली बाई बोलली ते मला नवं नाही. मी ते आईच्या तोंडून ऐकलंय.

आता त्याच घरात दुसरं काय झालं ते सांगतो. माझा चुलता घाटात रुळांवर हंगामी कामाला जायचा. कर्जत-खंडाळ्याचा घाट तुम्हाला माहीत आहे. १८६३ साली तो सुरू झाला, बांधताना हजारो मजूर मेले. आजही गाडी वर जाताना कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. त्या इंजिनांवरचे ड्रायव्हर म्हणजे आमच्या लेखी साहेबच. बूट, टोपी, डबा, कॉर्टर. संपाच्या आधी एक जण वाडीजवळ आला, कागद घेऊन. चुलत्यानं त्याला एकच विचारलं, "या कागदात माझं काय हाय का?" त्यानं वाचून दाखवलं. मागण्या अशा होत्या: आठ तासांचं काम, बोनस, महागाईप्रमाणे भत्ता, सरकारी कारखान्यांतल्या कामगारांइतका पगार, रेशनच्या भावात धान्य. आणि त्यात एक होती, कॅज्युअल कामगारांना कायम करा. चुलता म्हणाला, मग मी कामावर जात नाही. आई घरात शिव्या देतेय आणि चुलता कामावर जात नाही, असं आमच्या घरात वीस दिवस चाललं.

हे वीस दिवस सोपे नव्हते. हजारो कामगारांना तुरुंगात टाकलं. कामावर या म्हणून बायका-पोरांना कॉर्टरमधून बाहेर काढलं. गाड्या चालवायला टेरिटोरियल आर्मीची माणसं आणली. मे संपता संपता संप मागे घ्यावा लागला, हातात काही न येता. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ साली सरकार बदललं, आपल्या कोकणातले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, त्यांनी त्या माणसांना परत घेतलं. बोनस १९७९ साली मान्य झाला. आणि कॅज्युअलचं काय? त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात जावं लागलं, निकाल १९८५ साली लागला. अकरा वर्षं. माझा चुलता तोवर घरी बसला होता, गुडघे गेले होते.

मला यात एक गोष्ट दिसते. संपाच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, इंजिनवाल्या ड्रायव्हर-फायरमननी आपला आपला वेगळा संप केला होता. त्यांची ड्युटी चौदा-चौदा, सोळा-सोळा तास व्हायची. सरकारनं दहा तासांची मर्यादा कबूल केली. त्या संपात चुलत्याचं काही नव्हतं, त्याला तो झाल्याचं पण माहीत नव्हतं. १९७४ मध्ये कागदावर त्याचं नाव आलं, तेव्हा तो हलला. नाव खालच्या ओळीत होतं, शेवटच्या दोन-तीनांत. तरी हलला. वरच्या माणसानं आपल्या कागदावर खालच्याला घेतलं की खालचा उपाशी राहूनसुद्धा त्याच्या बाजूला येतो, आणि नाही घेतलं तर मुकादमाच्या ट्रकात चढतो. आपण चढतो, कोणी दुसरा चढत नाही. म्हणून हे आपल्याला बोलायला हवं.

याच वर्षी अमेरिकेत असंच झालं. मुंबईच्या एका साथीनं ऑगस्टमधली कात्रणं मला आणून दिली. तिकडे यूपीएस नावाची कंपनी आहे, घरोघरी-दुकानोदुकानी पार्सलं पोचवते. अगदी या गोदामासारखंच काम, फक्त देशभर. टीमस्टर्स नावाची ड्रायव्हरांची युनियन. ड्रायव्हरला ताशी २० डॉलरच्या आसपास, म्हणजे आपल्या पैशात ७०० च्या वर, एका तासाला. हसू नका, तिकडे खर्च पण तसाच आहे. ४ ऑगस्टला १,८५,००० लोक संपावर गेले. तिथले कंपनीवाले पण हेच म्हणत होते, एवढा पगार असून संप?

पण संप मुख्यतः ड्रायव्हरच्या पगारासाठी नव्हता. त्या कंपनीत निम्म्याहून जास्त माणसं अर्धवेळ होती, रात्री गोदामात पार्सलं चढवणारी-उतरवणारी. त्यांची सुरुवातीची मजुरी ताशी ८ डॉलर, १९८२ पासून तीच, पंधरा वर्षांत वाढलेली नाही. पूर्ण वेळ काम करून घ्यायचं आणि नाव अर्धवेळ ठेवायचं, अशी तक्रार होती. ड्रायव्हरनी त्यांची मागणी पुढे घेतली, पहिल्या ओळीत. मग लोकांना विचारलं तेव्हा संपवाल्यांच्या बाजूचे लोक कंपनीच्या बाजूवाल्यांच्या दुप्पट निघाले. पार्सल न मिळालेली माणसं बरं का ही. पंधरा दिवसांत कंपनीनं मानलं. दहा हजार अर्धवेळवाल्यांना पूर्ण वेळाच्या जागा द्यायचं कबूल केलं. कबूल केलेलं सगळं पाळलं जाईल का, ते पुढे दिसेल. आपल्याला सरकारी आश्वासनांचा अनुभव आहे.

आणि हरलेला संप पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याला सगळीकडे जिंकलेलंच दिसतं. मुंबईच्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार, डॉक्टर दत्ता सामंत पुढारी. त्यात पण बदलीवाल्यांना कायम करायची मागणी होती. माणसं गावाला आली, कोकणात, घाटावर. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. संप कोणी मागे घेतलाच नाही, तो तसाच विझला. लाखावर माणसांचं काम गेलं. ज्या डॉक्टर सामंतांनी कारखान्या-कारखान्यांत पगार वाढवून दिले, त्यांचा याच वर्षी १६ जानेवारीला पवईत भर रस्त्यात खून झाला. तेव्हा संप केला की जिंकतोच, असं मी कोणालाही सांगणार नाही. या गोदामाचा संप हरू शकतो. आपण बदलीवर नाही गेलो तरी हरू शकतो. मुकादम दुसऱ्या तालुक्यातून माणसं आणील. हे समोर ठेवूनच ठरवा.

परवा मी आणि आपले दोन साथी त्या ड्रायव्हरांच्या गेट मीटिंगला जाऊन आलो. त्यांची मागणी काय आहे ते ऐकलं. पगारवाढ त्यांनी मागितलेली नाही. कंपनीला अर्ध्या गाड्या ठेक्यावर द्यायच्या आहेत. जो ड्रायव्हर रिटायर होईल त्याच्या जागी ठेकेदाराचा ड्रायव्हर, निम्म्या पैशात, सही नाही, हजेरी नाही. आज कामावर आहेत त्यांना काही होणार नाही असं कंपनी म्हणते. म्हणजे ते आज स्वतःच्या पोटासाठी संप करत नाहीत, पुढे येणाऱ्या माणसाच्या जागेसाठी करतायत. ही गोष्ट मला आवडली, आणि मी ते त्यांना तिथे सांगितलं. तो पुढे येणारा ड्रायव्हर कोण असेल? आपली दोन पोरं आत्ता लायसन काढायला पनवेलला खेपा घालतायत. उद्या त्यांना कायमची जागा पाहिजे की ठेकेदाराची?

मग मी विचारलं, तुमच्या गाडीत माल कोण भरतो? गप्प झाले. एक जण म्हणाला, ते ठेक्याचे आहेत, युनियनचे नाहीत. मी विचारलं, किती वर्षं? म्हणाला, काही जण आठ-दहा वर्षं असतील. मी म्हटलं, त्यातले बरेच आमच्या वाड्यांवरचे आहेत. तुम्ही त्यांना नावानं ओळखता का? एकानं दोन नावं सांगितली. बाकीच्यांनी खाली बघितलं. इथे मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. ज्या ठेक्याविरुद्ध ते आज उभे राहिलेत, तो ठेका त्यांच्याच गोदामात दहा वर्षं हमालांवर चालू आहे. तेव्हा त्यांना दिसला नाही. आता तो त्यांच्या सीटपर्यंत आला तेव्हा दिसला.

तरी मी म्हणतो, आपण जाऊ नये. आणि जाऊ नये एवढंच म्हणून गप्प बसू नये. त्यांच्याकडे जाऊन मागावं. मी त्यांना सांगून आलोय की सोमवारच्या आधी तुमच्या मागण्यांच्या कागदात एक ओळ घाला: भरणाऱ्या-उतरवणाऱ्यांना हजेरी कार्ड, किमान वेतन, आणि जुन्यांना कायम. ओळ घातली तर आमच्या वाड्यांवरून चाळीस काय, चार माणसं पण बदलीवर येणार नाहीत, उलट गेटवर बसायला येतील. त्यांचे सेक्रेटरी म्हणाले, कमिटीत विचारतो. विचारतो म्हणजे काय ते आपल्याला फॉरेस्टवाल्यांनी चांगलं शिकवलंय. म्हणून उद्या परत जायचं आहे, आणि या वेळी तीन नाही, वीस जणांनी.

आणि त्यांनी ओळ घातली नाही तर? हा प्रश्न बरोबर आहे. माझं मत सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं. तरी बदलीवर जाऊ नये. त्यांच्यासाठी नाही, १९७९ साली माझ्या हाती जे आलं त्यासाठी. पण मग गेटवर पण जाऊ नये. घोषणा द्यायला जाऊ नये. त्यांनी आपल्याला कागदावर घेतलं नाही तर आपण त्यांच्या मांडवात बसायचं कारण नाही. आपल्या मोर्चाला ते आले नाहीत हे दुसऱ्या भावाचं बोलणं खरंच आहे, त्याचा हिशोब तिथे होईल. पण हिशोब ठेकेदाराच्या हातानं करू नका.

हां, रेशनच्या धान्याच्या गाड्यांचा संप असता तर मी वेगळं बोललो असतो. तिथे मी संपवाल्यांना सांगितलं असतं की वाड्यांचं धान्य आणि दवाखान्याची गाडी सोडा, मग बाकी बंद करा. साबण आणि बिस्किटं पंधरा दिवस आली नाहीत म्हणून नेरळमध्ये कोणी मरत नाही. दुकानदाराला त्रास होईल, त्यानं कंपनीला फोन करावा.

आता मोळीवाल्या बहिणीचं. पोरांनी पेज पिऊन का राहायचं? बाई, तू माथेरानला माल चढवतेस. भाजी, दूध, लाकूड, सगळं डोक्यावर. तिथे मोटार जात नाही, माणूस आणि घोडा जातो. तू पण माल पोचवणारीच आहेस, फक्त तुला कोणी ड्रायव्हर म्हणत नाही आणि तुझी युनियन नाही. तू आठ दिवस चढली नाहीस तर वरची हॉटेलं काय करतील? दुसरी बाई बोलावतील, शेजारच्या वाडीवरची. ती गेली नाही तर? हे मी नुसतं विचारतोय. उत्तर मागत नाही. पण हा विचार तुझ्या डोक्यात एकदा आला पाहिजे.

पोटाचं म्हणाल तर माझ्याकडे पैसे नाहीत. एवढं करता येईल: भातकापणी अजून आठ-दहा दिवस आहे, ज्यांनी उचल घेतली त्यांना आधी तिथे पाठवू, आपल्यातल्या शेतवाल्यांनी त्यांनाच बोलवायचं. ज्यांनी उचल घेतली ती परत करायची. ज्याच्याकडून खर्च झाली असेल त्याची यादी माझ्याकडे द्या, युनियनकडे पहिली मागणी हीच ठेवू की त्यांच्या संप फंडातून ती उचल फेडा. आठ हजार पगार आहे ना, मग चाळीस माणसांची उचल म्हणजे २०,००० रुपये. त्यांना जड नाही. त्यांनी ती दिली तर मला कळेल की ते खरं बोलतायत. आणि मुकादम धमकी द्यायला आला तर एकट्यानं बोलू नका, त्याला वाडीच्या मधे बसवा.

जे आधीपासून तिथे ठेक्यावर कामाला आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा आहे. वीस किंवा जास्त माणसं ठेक्यावर असली तर तो लागू होतो. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती भरायची, असं त्यात लिहिलंय. मला १९७९ साली हे कोणी सांगितलं नाही. माझे चार दिवसांचे ४८ रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहून ठेवा: कोण, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या हाताखाली, किती मजुरी, कोणाला पाहिलं. दळीच्या यादीत आपण कोण किती वर्षं कसतो ते लिहितो, तसंच. सही येत नसेल तर अंगठा चालेल. चिठ्ठी, टोकन, जेवणाचं कुपन, जे असेल ते आणा.

उद्या सकाळी आठला स्टेशनजवळच्या फाटकापाशी जमायचं. प्रत्येक वाडीतून दोन, त्यात एक बाई पाहिजेच. तिथून खोपोलीकडची एसटी धरू. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्यानं आज रात्रीच सांगा, सकाळी नको. आता जेवून घ्या, मग दळीची यादी.